आधी वजन, मग क्लिक : डर्ट बाइकचं सस्पेन्शन स्वतःच्या अंगाला बसवताना

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पुण्याजवळ पिरंगुटच्या पुढे एका माळावर आमचा सराव चालू होता. एक तरुण पोरगा नुकतीच जुनी घेतलेली २५० सीसीची मोटोक्रॉस गाडी घेऊन आला होता. दर दोन फेऱ्यांनी थांबायचा, शॉकचा, म्हणजे मागच्या धक्काशोषकाचा, स्क्रू दोन क्लिक (एक 'टक' म्हणजे एक क्लिक) फिरवायचा आणि पुन्हा जायचा. दुपारपर्यंत दोन्ही तळव्यांना फोड आले. म्हणाला, "दादा, मागचं चाक लाथ मारतंय. कॉम्प्रेशन पूर्ण सैल केलं तरी तसंच."

मी टेप काढली. पूर्ण सामान घालून तो गाडीवर बसला तरी मागची बाजू जेमतेम ७४ मिमी दबत होती. हवी होती १०० ते १०५. मग शॉकच्या स्प्रिंगवरचा वाळलेला चिखल पुसून तिच्यावरचा आकडा वाचला. आधीचा मालक चांगला दणकट असणार, त्याने स्वतःसाठी कडक स्प्रिंग टाकून घेतली होती. या पोराचं वजन बूट-हेल्मेटसकट ६४ किलो. त्या स्प्रिंगवर कुठलाही क्लिक कामाला येणार नव्हता.

असं मी फार वेळा पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण चार हजारांचे ग्लोव्हज आणि नवा हँडलबार घेऊनही जे दुखणं जात नाही ते टेप, वही आणि एका मित्राच्या मदतीने तासाभरात सापडतं. फक्त क्रम चुकवायचा नाही. आधी वजन, त्यावरून स्प्रिंग, मग सॅग, म्हणजे वजनाने गाडी किती दबते ते, आणि सगळ्यात शेवटी क्लिक.

स्प्रिंगचं काम वेगळं, ऑइलचं वेगळं

गाडी आणि रायडर मिळून किती उंचीवर तरंगणार हे स्प्रिंग ठरवते. शॉकमधलं ऑइल बारीक छिद्रांतून आणि पातळ चकत्यांच्या थरांमधून ढकललं जातं, त्यामुळे चाकाची हालचाल किती झपाट्याने व्हावी हे ते ठरवतं. दबताना होणारा विरोध म्हणजे कॉम्प्रेशन, परत वर येतानाचा विरोध म्हणजे रिबाउंड. तुम्ही जे क्लिक फिरवता ते फक्त ऑइलच्या वाटा लहान-मोठ्या करतात. स्प्रिंगची चूक ऑइलने झाकायला गेलात की दुसरीकडे काहीतरी बिघडतंच.

सपाट ट्रॅकवरही चाकाला खाली जायला जागा लागते. खड्डा आला की चाकाने लगेच खाली उतरून जमीन पकडली पाहिजे, म्हणून गाडी आधीच थोडी दबलेली हवी. ते दबणं म्हणजे सॅग. जुन्या जोडशॉकच्या गाड्यांना चाकाची हालचालच थोडी मिळायची. १९७३ मध्ये यामाहाने बेल्जियन लुसियाँ तिलकेन्स यांच्या कल्पनेवर बेतलेला एकच लांब शॉक मोटोक्रॉसला लावला आणि त्याच वर्षी हाकन अँडरसनने २५० सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. तिथून हालचाल वाढत गेली आणि आजच्या मोठ्या मोटोक्रॉस गाडीचं चाक साधारण ३०० मिमी वर-खाली होतं. त्यातला साधारण एक-तृतीयांश भाग रायडर बसल्याबरोबर वापरला गेला पाहिजे.

टेप काढण्याआधी

गाडी धुऊन घ्या. मग मागचं चाक जमिनीवरून उचलेल अशा स्टँडवर चढवा. मागच्या चाकाला हाताने वर उचला. शॉक हलायच्या आधी 'टक' करून मोकळी हालचाल जाणवली तर लिंकेजची, म्हणजे शॉकला मागच्या चाकाच्या दांड्याशी जोडणाऱ्या सांध्यांची, बेअरिंग झिजलीत. आपल्याकडे गाड्या प्रेशर पंपाने धुतात, त्या पाण्याने लिंकेजमधलं ग्रीस निघून जातं. सुक्या बेअरिंगवर घेतलेलं सॅगचं माप खोटं येतं. बेअरिंग बदला किंवा खोलून ग्रीस भरा, मगच पुढे जा.

चेन मॅन्युअलप्रमाणे सैल हवी. ताणलेली चेन स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) पूर्ण दबूच देत नाही, आणि रायडर बिचारा शॉकला दोष देत राहतो. मऊ जमिनीवर टायरमध्ये १२ ते १५ पीएसआय हवा पुरे. टायर जास्त फुगवलेला असेल तर चांगला शॉकही दगडासारखा वाटतो.

पुढच्या बाजूला दोन गोष्टी बघा. पहिली, फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या जोडीचे, दोन्ही पाय एका रेषेत आहेत का. चाक बसवल्यावर त्याच्या आसाचा, म्हणजे अ‍ॅक्सलचा नट आवळा, पण ज्या पायात अ‍ॅक्सल सरकू शकतो त्या बाजूचे छोटे चिमट्याचे बोल्ट सैल ठेवा. गाडी जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक धरा, फोर्क पाच-सहा वेळा जोरात दाबा आणि मगच ते बोल्ट आवळा. हे न केल्यामुळे अडकणारे फोर्क मी जितके पाहिलेत तितके खराब झालेले फोर्क पाहिले नाहीत. दुसरी गोष्ट हवेची. स्प्रिंगच्या फोर्कमध्ये चालवताना हवा साचते आणि फोर्क कडक होतो. पुढचं चाक हवेत ठेवून, फोर्क थंड असताना, वरच्या टोपणावरचा छोटा स्क्रू सैल करा. 'फुस्स' आवाज आला की पुन्हा लावा. ज्या फोर्कमध्ये स्प्रिंगऐवजी हवाच भरलेली असते त्यावर हे करायचं नाही, त्याचा दाब फोर्कच्या खास पंपाने आणि मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणेच भरायचा.

एक कडक सूचना. शॉकच्या डब्यात साधारण १० बार दाबाचा नायट्रोजन असतो. तो व्हॉल्व्ह घरी उघडू नका आणि गल्लीतल्या टायरवाल्यालाही उघडू देऊ नका.

सॅग मोजायचा कसा

आधी स्वतःला तोला. घरच्या कपड्यांत नाही, ज्या अवतारात गाडी चालवता त्या अवतारात. बूट, हेल्मेट, छातीचं आर्मर, गुडघ्याचे गार्ड आणि पाठीवरची पाण्याची पिशवी मिळून आठ-दहा किलो सहज होतात. पेट्रोल अर्धी टाकी ठेवा.

मागच्या अ‍ॅक्सलच्या अगदी वर, मडगार्डवर किंवा बाजूच्या प्लास्टिकवर परमनंट मार्करने एक बारीक आडवी रेघ मारा. आयुष्यभर मापं याच रेघेपासून घ्यायची. तिरकं मोजलं तर चार-पाच मिमीचा फरक सहज पडतो.

पहिलं माप, गाडी स्टँडवर, मागचं चाक हवेत. अ‍ॅक्सलच्या मध्यापासून रेघेपर्यंत. समजा ६२० मिमी आलं.

दुसरं माप, गाडी जमिनीवर, कुणीही न बसता सरळ उभी. मागची सीट थोडी दाबून हळू सोडा, मोजा. मग मागची बाजू थोडी उचलून हळू सोडा, पुन्हा मोजा. सीलच्या घर्षणामुळे दोन आकडे वेगळे येतील, त्यांची सरासरी धरा. समजा ५८५ आलं. ६२० वजा ५८५ म्हणजे ३५ मिमी. हा स्टॅटिक सॅग.

तिसरं माप, रायडर गाडीवर. मित्राने पुढून हँडल नुसतं तोलायचं, वर उचलायचं किंवा खाली दाबायचं नाही. तुम्ही दोन्ही पाय फूटपेगवर ठेवून नेहमीच्या जागी बसा, सीटवर दोन-तीनदा हलकं उसळा आणि थांबा. टेप तिसऱ्याने धरायची. तुम्ही वाकून बघितलंत की वजन सरकतं आणि माप गेलं. समजा ५१५ आलं. ६२० वजा ५१५ म्हणजे १०५ मिमी. हा रेस सॅग.

काही जण पेगवर उभं राहून मोजतात, त्यात चूक नाही. फक्त दर वेळी एकच पद्धत ठेवा, नाहीतर मार्चचा आकडा आणि जुलैचा आकडा जुळवताच येणार नाही.

३०० मिमी हालचालीच्या गाडीला रेस सॅग १०० ते १०५ आणि स्टॅटिक ३० ते ४० ही सुरुवातीची चांगली जागा आहे. लिंकेज नसलेल्या, शॉक थेट स्विंगआर्मला जोडलेल्या गाड्यांना रेस सॅग ११० च्या आसपास चालतो. मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा असेल तर तोच धरा.

रेस सॅग जुळवायला शॉकवरची प्रीलोडची रिंग (स्प्रिंगला आधीच दाबून ठेवणारी) फिरवावी लागते. आधी तिचे आटे ब्रशने साफ करा, लॉक रिंग सोडवा आणि मग हूक पान्याने फिरवा. पाना नसेल तर पितळी पंच चालेल. छिन्नी नको, अ‍ॅल्युमिनियमची रिंग पहिल्या घावात चावली जाते. मोठ्या गाडीवर एका पूर्ण फेऱ्याने सॅग साधारण ३-४ मिमी बदलतो. रिंग आवळली की सॅग कमी होतो, सैल केली की वाढतो.

आकडे काय बोलतात

बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि खरी माहिती इथूनच सुरू होते. रेस सॅग १०५ आला म्हणजे स्प्रिंग बरोबर, असं नाही. रिंग फिरवून रेस सॅग कुठल्याही स्प्रिंगवर जवळपास जुळवता येतो. रिंगने स्प्रिंग कडक किंवा मऊ होत नाही, फक्त गाडी बसण्याची उंची वर-खाली होते.

रेस सॅगमधून स्टॅटिक वजा करा. वरच्या उदाहरणात १०५ वजा ३५, म्हणजे ७०. निव्वळ तुमच्या वजनाने गाडी एवढी खाली गेली. रिंग कितीही फिरवा, हा फरक फारसा बदलत नाही, कारण तो तुमचं वजन आणि स्प्रिंगचा कडकपणा यांच्यातला हिशोब आहे.

समजा ८० किलोच्या रायडरने हा ७० चा फरक दिला. त्याच गाडीवर ९५ किलोचा माणूस बसला तर फरक साधारण ८३ येईल. त्याने रिंग आवळून रेस सॅग १०५ केला तर स्टॅटिक २२ उरेल. गाडी स्वतःच्या वजनाने जेमतेम दबते आणि माणूस बसला की एकदम खाली जाते. स्टॅटिक कमी म्हणजे स्प्रिंग मऊ. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आता आमच्या पिरंगुटच्या पोराकडे या. त्याचा स्टॅटिक २२ आणि रेस सॅग ७४, म्हणजे फरक ५२. रिंग सैल करत रेस सॅग १०५ ला आणला तेव्हा स्टॅटिक ५३ झाला आणि स्प्रिंग शॉकवर जवळपास मोकळी झाली. स्टॅटिक जास्त म्हणजे स्प्रिंग कडक. पुढच्या आठवड्यात त्याने मऊ स्प्रिंग मिळवली. मग आकडे आले १०४ आणि ३९. त्या दिवशी त्याने एकही क्लिक न बदलता वीस मिनिटं सलग गाडी चालवली आणि खाली उतरून नुसते हात दाखवले.

केटीएमच्या मोठ्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये स्टँडर्ड स्प्रिंग ७५ ते ८५ किलोच्या रायडरसाठी असल्याचं लिहिलेलं असतं. आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली त्यापेक्षा हलकी आहेत. ५५ किलोची मुलगी फॅक्टरीतून आली तशी गाडी चालवते, धडपडते, आणि तिला सांगितलं जातं की ताकद वाढव. आधी तिची स्प्रिंग बदला.

रेस सॅग चुकला की वळणावर लगेच कळतं. फार कमी असेल तर मागची बाजू उंच राहते, गाडी वळणात झटकन शिरते, पण सरळ वेगात हँडल थरथरतं. फार जास्त असेल तर पुढचं चाक हलकं होतं आणि वळणात बाहेर पळतं.

फोर्क

फोर्कच्या आतल्या पायावर, सीलच्या खाली, एक झिप टाय बांधा. ट्रॅकवर फेरी मारून आल्यावर ती किती सरकली त्यावरून फोर्क किती दबला ते कळतं. दिवसातल्या सगळ्यात मोठ्या उडीला ती जवळपास शेवटपर्यंत गेली पाहिजे. कधीच जात नसेल तर फोर्क कडक, दर खड्ड्याला जात असेल तर मऊ.

फोर्कचा सॅगही मोजता येतो, रायडर धरून हालचालीच्या २० ते २५ टक्के. पण घर्षण जास्त असल्याने तो आकडा मी दिशा समजण्यापुरताच वापरतो. मागे स्प्रिंग बदलली तर पुढची बदलायचीही तयारी ठेवा. एकच बाजू मऊ झालेली गाडी उडीवर हवेत पुढे किंवा मागे कलते.

फोर्क शेवटच्या टप्प्यात धडकत असेल तर क्लिकपेक्षा ऑइलची पातळी बघा. फोर्क पूर्ण दाबून, स्प्रिंग काढून, वरच्या काठापासून ऑइलपर्यंतचं अंतर मोजतात. ते ५ मिमीने कमी केलं, म्हणजे ऑइल वाढवलं, की वरची हवा आखडते आणि शेवटचा टप्पा कडक होतो, सुरुवात मात्र तशीच राहते. मॅन्युअलमधली मर्यादा ओलांडायची नाही.

क्लिक

पहिल्या दिवशी काहीही बदलू नका. फक्त मोजा. स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हळूच पूर्ण आत घ्या, किती क्लिक झाले ते मोजा, वहीत लिहा आणि पुन्हा जागेवर आणा. आत टेकला की थांबायचं, जोर लावला तर आतली सुई खराब होते. सगळे आकडे 'पूर्ण आतून बाहेर किती' असेच लिहायचे. मग सगळं मॅन्युअलच्या आकड्यावर आणा. जुनी गाडी असेल तर डाव्या-उजव्या फोर्कचे आकडे वेगळे निघाले तरी दचकू नका, फार वेळा निघतात. ज्या फोर्कमध्ये एका पायात कॉम्प्रेशन आणि दुसऱ्यात रिबाउंड असतो त्यात मात्र ते वेगळेच असायचे.

दोन-तीन फेऱ्या मारून ऑइल तापू द्या. थंड शॉकवर केलेलं सेटिंग दहा मिनिटांत बदललेलं वाटतं. त्यानंतर एका वेळी एकच स्क्रू, दोनच क्लिक. ट्रॅकचा एकच तुकडा निवडा, वळणाआधीचा खाचा पडलेला भाग सगळ्यात चांगला, आणि तोच पुन्हा पुन्हा चालवा.

आधी रिबाउंड. ब्रेकच्या खाचांवरून जाताना मागची बाजू खाली खाली बसत गेली, टणक झाली आणि डावी-उजवीकडे नाचायला लागली तर रिबाउंड फार हळू आहे. चाक एका खाचेवरून परत खाली येण्याआधीच दुसरी येऊन आदळते. दोन क्लिक बाहेर. उलट, उडीच्या तोंडावर सीट पाठीमागून ढकलल्यासारखी उसळली तर रिबाउंड फार जलद आहे. दोन क्लिक आत. हे दोन्ही अनुभव रायडर एकाच शब्दात सांगतो, 'लाथ मारते'. म्हणून मी नेहमी विचारतो, कुठे मारते?

मग कॉम्प्रेशन. शॉकवर बहुधा दोन असतात, लो-स्पीड छोट्या स्क्रूने आणि हाय-स्पीड भोवतीच्या षटकोनी नटने. इथला स्पीड शॉकच्या दांड्याचा, गाडीचा नाही. ताशी २० किमीने कातळाच्या कडेवर आदळलात तर ते हाय-स्पीड, ताशी ६० ने गुळगुळीत उडीच्या चढावर गेलात तर लो-स्पीड. बारीक खाचा हाताला ठणका देत असतील तर कॉम्प्रेशन सैल करा, मोठ्या उडीनंतर शॉक तळाला आदळत असेल तर आवळा. हाय-स्पीडचा नट पाव-पाव फेऱ्याने फिरवा.

चिखल, मुरूम, कातळ

जुलैत मावळाकडच्या चिखलात गाडी दोन फेऱ्यांत मडगार्डखाली कित्येक किलो माती गोळा करते. त्या वजनाने मागची बाजू खाली बसते, म्हणून चिखलाच्या दिवशी मी रिंग अर्धा ते एक फेरा आवळतो आणि कॉम्प्रेशन एक-दोन क्लिक आत घेतो. उन्हाळ्यात मुरमाचा ट्रॅक टणक होतो आणि वर बारीक खडी मोकळी पडते. तिथे कॉम्प्रेशन थोडं सैल केलं की चाक जमिनीला चिकटून राहतं. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर धारदार कडा असतात, तिथे हाय-स्पीड सैल ठेवा पण टायरमधली हवा थोडी वाढवा, नाहीतर ट्यूब चिमटून फाटते.

जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, तेव्हापासून बरीच मुलं तिथल्या रायडरची सेटिंग विचारत येतात. सुपरक्रॉसचं सस्पेन्शन मोटोक्रॉसपेक्षा खूप कडक असतं, कारण तिथे उभ्या उड्या आणि लागोपाठचे उंचवटे माणसाने रचलेले असतात. ते आकडे माळरानावर चढवलेत तर मनगटं जातील.

एक्सपल्सवाल्यांसाठी

आपल्याकडे बरेच लोक मातीवर पहिलं पाऊल हीरोच्या एक्सपल्सवर ठेवतात, आणि त्यांच्यासाठीही हाच हिशोब लागू होतो. एक्सपल्स २०० ४व्ही प्रोला पुढे २५० आणि मागे २२० मिमी हालचाल मिळते, आणि दोन्हीकडे सेटिंग करता येतं. मागच्या २२० चा एक-तृतीयांश म्हणजे रेस सॅग ७० च्या आसपास आणि स्टॅटिक २० ते २५. साध्या एक्सपल्स २०० ला पुढे १९० आणि मागे १७० मिमी. तिथे मागे प्रीलोडचे टप्पे बदलता येतात, म्हणून रेस सॅग ५५ च्या आसपास आणा. त्यावर फोर्क अडकत नाही ना, ऑइल ताजं आहे ना, एवढं पाहिलंत तरी गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलते.

फोर्कचं ऑइल काळं होऊन पाण्यासारखं पातळ होतं, त्यामुळे क्लिक कितीही फिरवले तरी फरक जाणवेनासा होतो. असं वाटलं की आधी ऑइल बदला. सीलमधून ओल दिसली तर लगेच नवीन सील घालू नका. धुळीचं वरचं सील खाली सरकवा आणि कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची पट्टी किंवा तितकंच पातळ प्लास्टिक सीलच्या ओठाखालून गोल फिरवा. अडकलेला मातीचा कण निघाला की निम्म्या वेळा गळती थांबते. नव्या गाडीची स्प्रिंग पहिल्या काही तासांत थोडी बसते, म्हणून पाच तास चालवून झाल्यावर त्याच रेघेपासून तिन्ही मापं पुन्हा घ्या आणि तारखेसकट वहीत लिहा.